वाकडी बाजू

इब्राच्या जुन्या वस्तीमागे, खजुरांच्या बागेत
ट्रायपॉडचे तीन पाय रोवले तेव्हा सहाच वाजले होते
आणि शर्ट पाठीला चिकटलेला.
मोफिज काठी घेऊन पहिल्या कोपऱ्यावर.
कोपरा म्हणजे एक दगड,
ज्याला टेकून खलफानचे वडील हिशेब सांगायचे, म्हणे.

सात कोपरे. एकही काटकोन नाही.
सहा बाजू सरळ, निदान सरळ धरून चालण्यासारख्या.
सातवी फलजच्या काठाने गेलेली,
पाण्याला जिथं वाटलं तिथं वळलेली.

सरळ बाजूंचं सोपं असतं.
क्ष आणि य उभे मांडायचे, तिरके गुणत जायचं,
बुटाची नाडी ओवावी तसं, एकदा इकडून, एकदा तिकडून,
वजा करायचं, निम्मं करायचं.
पहिला कोपरा शेवटी परत लिहायचा.
नाही लिहिला तर जमीन मिटत नाही,
उत्तर मात्र येतं.

वाकडीला दर दोन मीटरवर टेप.
मोफिज चप्पल काढून पाण्यात उतरतो, आकडे ओरडतो.
त्याच्या गावी, नोआखालीकडे,
नदी दरसाल एखादा कोपरा नेते.
तिथं क्षेत्रफळ कुणी विचारत नाही,
विचारतात, अजून आहे का.

रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकात शेवडेबाईंनी
आधी कागदावर शिकवलं होतं.
चौकोनांचा कागद ठेवा, आतले मोजा,
काठावरचा अर्ध्याहून जास्त भरला तर एक धरा,
कमी भरला तर सोडा.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, सोडलेल्यांचं काय?
बाई म्हणाल्या, धरलेले त्यांना सांभाळून घेतात.

बावीस वर्षं झाली.
वर्षातले अकरा महिने इथं, एक देवरुखात.
नियमाने देवरुखात मी शून्य.
सांभाळून कोण घेतं
ते त्या दिवशी विचारायचं राहिलं, मग तास संपला.

खलफान चहा घेऊन आला.
मीटर तुझे, म्हणाला, आमच्यात ही बाग तीन अथर आहे.
अथर म्हणजे अर्धा तास पाणी.
दीड तास पाणी पितं ते एवढं.
मी मान डोलावली आणि लिहिलं,
बाराशे त्रेचाळीस पूर्णांक सहा.
मनात सवयीने गुंठे केले: सव्वाबारा,
वर दोन खाटा मावतील इतकं.
म्हणजे खोलीत माझ्या वाट्याला येतं तेवढं.

वडील गेले. भाऊ दोन, बहीण एक,
भावांना दोन-दोन भाग, तिला एक.
पाचाने भागलं: दोनशे अठ्ठेचाळीस पूर्णांक बहात्तर.
मुज्ना तोवर काही बोलली नव्हती.
फलजच्या कडेला बसून घोट्यापर्यंत पाय भिजवत होती.
म्हणाली, वाकडी बाजू मला द्या.
भावांनी एकमेकांकडे पाहिलं, सुटल्यासारखे.
तो तुकडा कुणालाच नको होता,
त्यावर ना घर चौकोनी बसतं, ना गाडी वळते.

रेघ मारली तर ती एका खजुराच्या बुंध्यातून गेली.
पुन्हा मारली, झाड तिच्याकडे ठेवून.
दोनशे पन्नास पूर्णांक दहा.
खलफानने आकडा पाहिला. किती जास्त?
एक पूर्णांक अडतीस.
त्याला आकड्यात नको होतं, म्हणून
मी हात पसरून जमिनीवर दाखवलं.
तो बघत राहिला.
मुसल्ला अंथरता येईल, म्हणाला, वर चपला ठेवायला जागा.
राहू दे.

साडेदहाला ऊन उभं झालं.
मी यंत्र पेटीत ठेवलं, बुडबुडा एकदा पाहून,
उगीच, आता त्याचा काही उपयोग नव्हता.
मोफिज अजून पाण्यातच.
दादा, या वळणावर काठ ढासळलाय,
पाणी वीतभर आत आलंय.
ते आत धरू की बाहेर?